डुबकीच्या हौदातलं पाणी

आम्ही लिंगायत. आमचा देव गळ्यात असतो. सकाळी त्याला तळहातावर घ्यायचं, विभूती लावून पूजा करायची आणि पुन्हा गळ्यात घालून कामाला निघायचं. कुठंही गेलं तरी देव बरोबरच. अशा माणसाच्या वाट्याला आयुष्यभर दुसऱ्यांच्या देवाला घरं बांधायचं काम यावं, ही गोष्ट माझ्या वडिलांच्या शेवटपर्यंत पचनी पडली नाही. रेणापुरात त्यांचं किराणा दुकान होतं. कुणी माझी चौकशी केली की ते तागडीकडे बघत म्हणायचे, "आमचा विश्वनाथ? तो चर्चं बांधतो." आणि लगेच पुढचा माल तोलायला घ्यायचे.

मोजून अकरा चर्चं बांधली, नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत. शाळा, घरं, गोठे किती बांधले त्याची गणती नाही, पण चर्चं लक्षात राहिली. कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकानं मला एकदा तरी तोंडघशी पाडलं.

पहिलं काम भोकरच्या बाजूला, कॅथलिक लोकांचं. तेव्हा मला वाटायचं, चर्च म्हणजे चर्च. लांबट खोली, उंच छप्पर, वर क्रूस. देऊळ मारुतीचं असो की महादेवाचं, गाभारा तो गाभाराच. तसंच इथं असणार. तिथले फादर केरळचे होते, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मिस्त्री, वेदीचा दगड एकच अखंड पाहिजे. जोड चालणार नाही." मी म्हटलं, वरून फरशी बसवली की जोड दिसतो कुणाला? फादर म्हणाले, "ज्याच्यासाठी बसवतो त्याला दिसतो." संपलं. कंधारकडच्या एका खाणीतून सहा फुटी काळा दगड काढून, बैलगाडीवर कडबा अंथरून तो आणला. उतरवताना आठ माणसं लागली. त्या दगडाच्या भोवतीच सगळी इमारत उभी करायची होती. दाराशी पाण्याची दगडी वाटी, येणारा माणूस त्यात बोट बुडवून कपाळाला लावणार. आत लाल काचेचा दिवा, तो कधी विझू द्यायचा नाही. हे दोन्ही मला घरचंच वाटलं.

नवीन होती ती कबुलीची खोली. एका बाजूला फादर, एका बाजूला माणूस, मध्ये जाळी. माणसानं आपलं पाप सांगायचं आणि ते बाहेर कुणाला ऐकू जाता कामा नये, अशी अट. भिंत बांधून झाली, पण आवाज बाहेर जातो का नाही हे बघायचं कसं? माझ्याबरोबर रसूलभाई होते. स्लॅब टाकायच्या आधी खाली फळ्या आणि टेकू लावून साचा उभा करावा लागतो, त्याला सेंट्रिंग म्हणतात. ते काम त्यांचं. आम्ही तीस वर्षं जोडीनं काम केलं. मी त्यांना म्हटलं, "रसूलभाई, तिकडं बसा आणि काहीतरी बोला." मी फादरांच्या जागी बसलो. मग जाळीतून हळूच आलं, "अप्पा, वो तुम्हारा पितळी ओळंबा... दो साल पहले... वो मैइच बावडी में गिराया था."

भिंत सरळ उभी आहे का बघायचा तो ओळंबा माझ्या उस्तादांनी दिलेला होता. तो हरवल्यावर मी माझ्या मेव्हण्यावर आळ घेतला होता, आणि त्याच्याशी दोन वर्षं बोलत नव्हतो. मी जाळीपलीकडून ओरडलो ते बाहेर फादरांपर्यंत गेलं. ते म्हणाले, "मिस्त्री, भिंत अजून चार इंच जाड करावी लागेल."

दुसरी फजिती उदगीरची. ब्रदरेन लोकांचा एक साधा हॉल होता. तोपर्यंत मी शहाणा झालो होतो. म्हटलं, या गरीब लोकांनी सांगितलं नाही तरी आपण आपल्याकडून काहीतरी करावं. समोर दीड फूट उंच सुंदर ओटा बांधला, पुढच्या बाजूला सिमेंटमध्ये क्रूस उठवला. त्यांचे एक वडीलधारे गृहस्थ बघायला आले.

"मिस्त्री, यावर कोण उभं राहणार?"

"तुमचे पाळक."

"आमच्यात पाळक न्हाई. सगळे भाऊ-बहीणच."

"मग देवासाठी समजा."

ते हसले. म्हणाले, "तो वर कशाला बसंल? आम्ही गोल बसतो, तो आमच्या मधी असतो."

दोन दिवस लागले तो ओटा फोडायला. क्रूस फोडायला माझा हात धजेना, तो त्यांनीच काढला, अगदी शांतपणे. पुढं त्यांच्या रविवारच्या सभेला गेलो, तेव्हा कळलं. मध्ये एक साधं टेबल, त्यावर एक भाकरी आणि एक प्याला. भोवती बाकं. बायकांच्या डोक्यावर पदर, आमच्या आईच्या असायचा तसा. पहिली पंधरा मिनिटं कुणी बोललंच नाही. एवढी शांत इमारत मी दुसरी बांधली नाही.

तेव्हापासून मी एक केलं. काम घेताना मंडळींना दोनच गोष्टी विचारायच्या. मधोमध काय ठेवणार? आणि पाणी कुठं असणार? हे दोन कळलं की नकाशा आपोआप डोक्यात तयार होतो. दाराशी दगडी वाटी म्हटली की कॅथलिक. मेथडिस्ट मंडळी पुढं स्टँडवर भांडं ठेवतात. पाळक ओंजळीतलं पाणी बाळाच्या कपाळावर सोडतात आणि झाला बाप्तिस्मा. त्यांच्याकडे टेबलासमोर लाकडी कठडा लागतो, तिथं गुडघे टेकून प्रभुभोजनाची भाकरी आणि द्राक्षरस घेतात, आणि पाळकांचं पुलपीट भक्कम लागतं, कारण उपदेश करताना ते त्यावर हात आपटतात. आणि काही मंडळींना लागतो हौद. त्यांच्यात बाळाला बाप्तिस्मा नाही. माणूस मोठा झाला, त्यानं स्वतःहून म्हटलं, की त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी पूर्ण पाण्यात बुडवून वर काढतात. लोक त्यांना गमतीनं डुबकीवाले म्हणत, आणि तेही स्वतःला तसं म्हणून हसत.

आता ज्या कामासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

लातूर जिल्हा झाला त्यानंतरची ही गोष्ट. जिल्हा होण्याआधी मिस्त्रीला 'ए' म्हणून हाक मारणारे लोक जिल्हा झाल्यावर 'अहो अप्पा' म्हणायला लागले. जिकडं तिकडं कचेऱ्या, क्वार्टर, दुकानांचे गाळे. विटा मिळेनात, वाळू मिळेना. आणि त्यातच लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. इमारती वर चढत होत्या आणि विहिरी खाली चालल्या होत्या.

शहराच्या कडेच्या एका बस्तीत दोन ख्रिस्ती मंडळ्या होत्या, एकमेकींपासून चार घरांच्या अंतरावर. एक मेथडिस्ट. त्यांचं जुनं पत्र्याचं चर्च पाडून नवं स्लॅबचं बांधायचं काम माझ्याकडे होतं. पाळक महिन्यातले वीस दिवस खेड्यांत फिरत, म्हणून सगळा कारभार दाविद मास्तरांच्या हाती. शाळेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, पांढऱ्या लेंग्याला कडक इस्त्री. दुसरी मंडळी डुबकीवाल्यांची. त्यांचा छोटा हॉल मीच बांधला होता, आणि पुढच्या फळ्यांखाली हौदही. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, चार फूट खोल. त्या हॉलच्या किल्ल्या मार्थाबाईंकडे असत. मार्थाबाई म्हणजे मास्तरांची सख्खी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी साठीच्या वयात त्या हौदात उतरल्या आणि त्या मंडळीत गेल्या. त्या दिवसापासून मास्तर बहिणीशी बोलत नव्हते.

नाताळला नव्या छपराखाली उपासना झाली पाहिजे, असं मास्तरांच्या मनात होतं. मीही छाती पुढं काढून 'देतो' म्हटलं होतं. स्लॅब टाकल्यावर निदान एकवीस दिवस टेकू काढता येत नाहीत, म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत स्लॅब टाकून झाला पाहिजे. आणि स्लॅबला पाणी लागतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. ते ओलं राहून घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी वर मातीची छोटी आळी बांधून त्यात दहा दिवस पाणी उभं ठेवायचं. नाही ठेवलं तर स्लॅब तडकतो. माझे उस्ताद सांगायचे, आधी पाणी साठव, मग सिमेंटचं पोतं फोड. मी उलटं केलं. टँकरवाल्याचा शब्द होता, हाताशी माणसं होती आणि मनात घमेंड होती. शनिवारी स्लॅब टाकला.

रविवारी सकाळी टँकर आला नाही. निरोप आला की तो एका मोठ्या इमारतीच्या कामावर गेला, चार दिवस मोकळा होणार नाही. मी शिडीवरून वर गेलो. कोरडा वारा सुटला होता आणि स्लॅबवर उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा बारीक भेगा दिसायला लागल्या होत्या. बस्तीतला हापसा महिन्यापूर्वीच बंद पडलेला. रसूलभाई खाली वाकून हात फिरवत म्हणाले, "अप्पा, स्लॅब प्यासा है."

आजवर बांधलेल्या एकाही चर्चचं छप्पर गळालं नव्हतं, आणि इथं पन्नास-साठ माणसं खाली बसणार होती.

तेवढ्यात पलीकडून पेटी-तबल्यावर गाणं ऐकू आलं. डुबकीवाल्यांचा बाप्तिस्मा होता. त्यांच्या बोअरला दिवसातून अर्धा तास पाणी यायचं, ते साठवून साठवून त्यांनी हौद भरला होता. मी चप्पल काढून मागं जाऊन बसलो. पांढरे कपडे घातलेली सहा माणसं रांगेत उभी. एकेक जण पायऱ्या उतरायचा, 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं' म्हणून त्याला मागं झुकवून पाण्यात बुडवायचे, तो वर आला की सगळे टाळ्या वाजवून गायचे. चेहरे असे उजळलेले की बघत राहावं. पण खोटं कशाला बोलू, मी चेहरे नाही, पाणी बघत होतो. प्रत्येक डुबकीला बादलीभर पाणी काठावरून सांडायचं आणि मी मनातल्या हिशोबातून एक बादली वजा करायचो. चौथा माणूस चांगला धिप्पाड होता. तो उतरायला लागला तसं मी मनातल्या मनात म्हटलं, महादेवा, याला हळू बुडवू दे.

सभा सुटल्यावर मार्थाबाईंना गाठलं. त्या ठेंगण्या, गोऱ्या, सारख्या हसणाऱ्या.

"अक्का, या पाण्याचं आता काय करणार?"

"काय करणार? गल्लीतल्या बाया नेतात, म्हशी धुवायला, कपडे धुवायला. का वो अप्पा?"

मी सगळं सांगितलं. भेगांचंही सांगितलं. त्या हसायच्या थांबल्या.

"न्या की. बायांना दोन-दोन बादल्या देऊ, बाकी समदं तुमचं. पण दाविदला इचारलं का? तीन वर्षं झालं, त्यो माझ्या घरचा च्या पीत न्हाई. माझ्या हौदातलं पाणी डोक्यावर घेईल व्हय?"

मास्तर घरी बायबल वाचत बसले होते. बारीक भेगा पडल्यात, हौदातलं पाणी लागेल, हे ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला.

"अप्पा, माझे वडील या बस्तीचे पाळक होते. अक्का दोन महिन्यांची असताना त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. पुन्हा हौदात उतरली म्हणजे वडिलांनी दिलेला खोटाच ठरवला ना तिनं? आणि ते पाणी मी देवाच्या घरावर घेऊ?"

त्यांचं दुखणं खरं होतं. शेवटी जे घरात लहानपणापासून बघितलं तेच तोंडातून निघालं. "मास्तर, आमच्यात आमचे गुरू, जंगम, घरी आले की आम्ही त्यांचे पाय धुतो. आणि ते पाणी तीर्थ म्हणून पितो. तुम्हाला प्यायचं नाही. नुसतं स्लॅबवर टाकायचंय."

मास्तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "खरंच पिता?"

"हाव. लहानपणापासून. अजून जिवंत हाय."

त्यांनी बायबल मिटलं. "किती लागेल पाणी?"

"जेवढं हाय तेवढं."

"बाप्तिस्म्याला ओंजळभर पाणी पुरतं, हे मी तीन वर्षं सगळ्या बस्तीला सांगत आलोय, अप्पा."

"बाळाला पुरतं, मास्तर. स्लॅबला न्हाई पुरत."

त्यांना हसायचं नव्हतं, पण हसू आलंच. आत जाऊन ते दोन बादल्या घेऊन आले.

हौदापासून शिडीपर्यंत माणसांची रांग लागली. डुबकीवाले, मेथडिस्ट, रसूलभाईंची माणसं, गल्लीतल्या बाया. हौदाशी मार्थाबाई, वर स्लॅबवर मास्तर, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचलेला. बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण बादल्यांबरोबर निरोप जायला लागले. वरून निरोप यायचा, "अक्काला सांगा, काठोकाठ भरू नका, सांडतंय." तो रांगेतून तोंडातोंडी हौदापर्यंत जायचा. हौदाकडून उलट निरोप, "मास्तरला म्हणावं, रिकाम्या बादल्या लवकर धाडा, तिथं उपदेश करत बसू नका." ज्याच्या त्याच्या तोंडून तो निरोप वर येईपर्यंत सगळी रांग हसत असायची. पहिल्या बादल्यांत सिमेंट कालवून मी भेगा बुजवल्या. वर ओली पोती अंथरली, आणि दुपारपर्यंत आळी भरली.

पुढचे तीन दिवस दोन्ही मंडळ्यांच्या घराघरांतून एकेक घागर यायची. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, काहीही. साबणाचं तेवढं नको, असं मी सांगितलं होतं. एका म्हातारीनं वरणाचं पाणी आणलं, ते रसूलभाईंनी हात जोडून परत पाठवलं. चौथ्या दिवशी टँकर आला.

भेगा वरून बुजल्या, पण आतून स्लॅब कसा आहे ते टेकू काढल्याशिवाय कळत नाही. वीस दिवस मला धड झोप नव्हती. मास्तरांनी पाणी घेतलं होतं ते बारीक भेगा समजून. पहिल्या दिवसाची चूक किती मोठी होती, हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. टेकू काढायच्या सकाळी सांगितलं. "मास्तर, पाण्याची सोय न करता मी स्लॅब टाकला. नाताळचं निमित्त, खरं म्हणजे माझी घमेंड. स्लॅब धरला तर देवाची कृपा. आज आत कुणी येऊ नका."

ते बाहेर जाऊन अंगणात लोकांत उभे राहिले.

रसूलभाईंनी कडेपासून टेकू काढायला सुरुवात केली. दोन्ही मंडळ्यांची माणसं बाहेर अंगणात उभी. मधला शेवटचा टेकू राहिला. माझ्या उस्तादांची रीत अशी, की शेवटचा टेकू निघताना मिस्त्रीनं स्वतः स्लॅबखाली उभं राहायचं. ज्यानं टाकला त्यानं आधी आपलं डोकं द्यावं, मग दुसऱ्याला आत बोलवावं. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

दारात सावली पडली. मास्तर आत येत होते.

"मास्तर, बाहेर व्हा."

"देवाचं घर माझ्या नाताळासाठी घाईत बांधलं," ते म्हणाले, "मग तुम्ही एकटेच का उभे?" आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

त्यांच्या मागोमाग मार्थाबाई आल्या. त्यांना कुणी अडवलंही नाही. सरळ चालत आल्या आणि भावाच्या पलीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाणी माझं हाय त्याच्यात. मीबी थांबते."

रसूलभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी 'बिस्मिल्ला' म्हणून घण मारला.

टेकू पडला. वर काहीतरी कडाडलं. एक फळी सुटून खाली आली, आणि तिच्यामागून वाळूची बारीक धार आमच्या अंगावर सांडायला लागली. मग आवाज थांबला; रेतीच तेवढी पडत राहिली.

मास्तरांनी हात वर करून बहिणीच्या डोक्यावर धरला. तीन वर्षांनी ते पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"अक्का, पदर घे डोक्यावर. रेती पडायलीय."

"पडू दे की रे," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बाबांनी दिलेलं खोटं न्हाई म्हणलं मी कवा. मी तवा दोन महिन्यांची होते रे, दाविद. मला काय आठवतंय? मला आठवंल असं एकदा पाहिजे होतं, एवढंच."

खिशातून इस्त्री केलेला रुमाल काढून मास्तर तिच्या केसांतली रेती झाडायला लागले.

बाहेरून लोक ओरडत होते, "अप्पा, धरला का स्लॅब? धरला का?" रसूलभाई वर बघून तडा शोधत होते, आणि तो सापडत नव्हता. मी मात्र त्या दोघांकडेच बघत उभा होतो. तीस वर्षांत टेकू काढल्यावर मी आधी वर बघितलं नाही असं तेवढं एकदाच झालं. स्लॅब मी नंतर बघितला.